भिलाईच्या गच्चीवरील अँटेना : दिशांचा इतिहास

भिलाईच्या वैशाली नगरातील एखाद्या गच्चीवर आपण उभे आहोत असे समजा. गेल्या अर्ध्या शतकात या परिसरात दूरदर्शनचे चित्र तीन दिशांनी आले : पश्चिम-नैर्ऋत्येकडून, पूर्वेकडून आणि आग्नेयेकडून. अँटेनाचे तोंड कुणीकडे होते आणि त्याच्या दांड्या किती लांब होत्या, यावरून प्रसारणाचा काळ ओळखता येतो. त्या अर्थाने अँटेना हे इतिहासाचे साधनच आहे.

पहिली दिशा शहराची नव्हे, खेड्यांची. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ प्रयोगाखाली सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना उपग्रहावरून थेट कार्यक्रम मिळाले. रायपूर परिसर त्यांपैकी एक. खेड्यात तीन मीटर व्यासाची, खुराड्याला लावतात तशा जाळीची तबकडी असे. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह ३५ अंश पूर्व रेखांशावर होता, म्हणून तबकडी पश्चिम-नैर्ऋत्येकडे पाही. वर्ष संपले आणि उपग्रह परत गेला.

१९७७ मध्ये रायपूरला जमिनीवरील प्रक्षेपक आला आणि भिलाईच्या अँटेनांनी पूर्वेकडे तोंड केले. हा अँटेना मुळात जपानी : उदा आणि यागी यांनी १९२६ च्या सुमारास मांडलेला. ग्रहण सुधारण्याची विद्या मात्र घरोघरी घडली. एक जण गच्चीवर, एक जण जिन्यात, एक जण टीव्हीसमोर, आणि “आलं का?” “थोडं डावीकडे!” असा संवाद. मुंग्या दिसल्या तर संकेत कमजोर. चित्राशेजारी दुसरे फिके चित्र, म्हणजे ‘भूत’, दिसले तर लाटा एखाद्या इमारतीवर किंवा लोखंडी सांगाड्यावर आपटून उशिरा येत आहेत, असे समजावे. उपाय दोनच : उंची वाढवा, किंवा कोन बदला.

उंचीलाही मर्यादा होती. या लाटा साधारण सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीचा गोलावा आड येतो. पोलाद कारखान्यामुळे भिलाईत आलेल्या मराठी कुटुंबांनी कितीही उंच पाइप उभारला असता, तरी मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम त्यांना दिसणे शक्य नव्हते. ती सोय पुढे उपग्रह वाहिन्यांनी केली. आज डीडी फ्री डिशची तबकडी ९३.५ अंशांवरील उपग्रहाकडे, म्हणजे आग्नेयेला, वळलेली असते.

फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रसारण सुरू केले. रायपूर त्यांत होते. दिशा पुन्हा पूर्व, पण लहरी यूएचएफ पट्ट्यातल्या. ५०० मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी अवघी ३० सेंटिमीटर, त्यामुळे जुन्या लांब दांड्या निरुपयोगी. शिवाय जुनी खूणही गेली. डिजिटलमध्ये मुंग्या नसतात : चित्र स्वच्छ असते, चौकोनांत फुटते, नाहीतर नसतेच. अँटेना फिरवताना आता पडद्याऐवजी सेट-टॉप बॉक्सवरील संकेतमापकाकडे पाहावे लागते.

माझ्या मते खरी अडचण तांत्रिक नव्हती. केबल आणि डिशमुळे गच्चीवरचे पाइप त्याआधीच उतरले होते. २०२२ पर्यंत देशातील बहुतेक जुने अॅनालॉग प्रक्षेपकही बंद झाले.