कालबाह्य प्लगइनवरील बंदी : वेब ब्राउझरच्या इतिहासातील सुरक्षा आणि अधिकार (१९९५ ते २०२१)

१. प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासात नव्या शोधांची नोंद अगत्याने घेतली जाते. एखादे रूढ तंत्र वापरातून कसे आणि कोणाच्या निर्णयाने गेले, याचा विचार मात्र तुलनेने कमी होतो. वेब ब्राउझरमधील प्लगइन हे अशा तंत्राचे ठळक उदाहरण होय. सुमारे दोन दशके संकेतस्थळांवरील चित्रफिती, खेळ आणि शासकीय अर्ज प्लगइनवर अवलंबून होते. पुढे सुरक्षेच्या कारणास्तव ब्राउझर-निर्मात्यांनीच त्यांच्यावर बंदी आणली. प्रस्तुत निबंधात या स्थित्यंतराचा ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने आढावा घेतला आहे.

२. उद्दिष्टे

१) प्लगइनच्या उदयाची व त्यातून निर्माण झालेल्या धोक्याची कारणे तपासणे.
२) बंदीच्या धोरणाचे टप्पे निश्चित करणे.
३) वापरकर्त्याचे स्वातंत्र्य आणि ऐतिहासिक साधनांचे जतन या दृष्टींनी बंदीचे मूल्यमापन करणे.

३. प्लगइनचा उदय

प्रारंभीचे ब्राउझर प्रामुख्याने मजकूर व स्थिर चित्रे दाखवीत. १९९५-९६ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीने बाहेरील कंपन्यांच्या आज्ञावली ब्राउझरला जोडण्याची सोय दिली. ही जोडणी पुढे एनपीएपीआय या नावाने इतर ब्राउझरांनीही स्वीकारली. मायक्रोसॉफ्टने याच हेतूने ॲक्टिव्हएक्स हे स्वतःचे तंत्र पुढे आणले. १९९६ च्या अखेरीस मॅक्रोमीडियाने फ्यूचरस्प्लॅश विकत घेऊन त्याचे फ्लॅश असे नामकरण केले. २००५ मध्ये मॅक्रोमीडिया अॅडोबीकडे गेली. त्याच वर्षी सुरू झालेल्या यूट्यूबच्या चित्रफिती फ्लॅशवरच चालत.

४. जुनी आवृत्ती हा धोका का ठरला?

या धोक्याचे मूळ प्लगइनच्या रचनेत होते. जुन्या पद्धतीचे प्लगइन ब्राउझरमध्ये चालत असले तरी ते सामान्यतः वापरकर्त्याचे सर्व अधिकार घेऊन चालत. त्यातील एखादा दोष हाती लागला की केवळ एक संकेतस्थळ उघडल्याने संगणक परक्याच्या ताब्यात जाऊ शकत असे. ब्राउझर अद्ययावत असला तरी त्यातील प्लगइन जुने राहू शकत असे, कारण दोहोंचे निर्माते वेगळे होते. दोष दुरुस्त झाल्याची घोषणा आणि ती दुरुस्ती प्रत्यक्ष संगणकावर पोहोचणे यांत मोठे अंतर पडे. हल्लेखोर या अंतराचाच लाभ घेत.

२०१२ मधील फ्लॅशबॅक प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. जावामधील एक दोष ओरॅकलने फेब्रुवारी २०१२ मध्ये दुरुस्त केला. मॅक संगणकांसाठीची जावा आवृत्ती अॅपलमार्फत येत असल्याने तेथे ती दुरुस्ती एप्रिलमध्ये पोहोचली. दरम्यानच्या काळात सहा लाखांहून अधिक मॅक संगणक बाधित झाल्याचा अंदाज सुरक्षातज्ज्ञांनी वर्तविला.

५. बंदीचे टप्पे

पहिला टप्पा सूचनेचा होता. सप्टेंबर २००९ मध्ये मोझिलाने फायरफॉक्स अद्ययावत केल्यानंतर उघडणाऱ्या पृष्ठावर फ्लॅश जुने असल्याची जाणीव करून देण्यास प्रारंभ केला. दुसऱ्या टप्प्यात जुन्या आवृत्त्या थेट रोखल्या जाऊ लागल्या. गूगलने २०१० मध्ये क्रोमसाठी असे धोरण जाहीर केले. इंटरनेट एक्सप्लोररने सप्टेंबर २०१४ पासून जुन्या जावावर असेच निर्बंध आणले.

तिसरा टप्पा संमतीचा, म्हणजे वापरकर्त्याने कळ दाबल्याशिवाय प्लगइन सुरू न होण्याचा होता. जानेवारी २०१३ मध्ये जावाच्या तत्कालीन अद्ययावत आवृत्तीतही गंभीर दोष आढळला. तेव्हा अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाने ब्राउझरमधील जावा बंद ठेवण्याचा सल्ला दिला आणि अॅपल व मोझिला यांनी तातडीने निर्बंध घातले. जुलै २०१५ मध्ये इटलीतील हॅकिंग टीम या कंपनीची माहिती फुटली व त्यातून फ्लॅशमधील अज्ञात दोष उघड झाले. त्यावर दुरुस्ती येईपर्यंत मोझिलाने फ्लॅश रोखून धरले. ‘जुनी आवृत्ती धोक्याची’ या सूत्राची जागा ‘प्लगइनच धोक्याचे’ या सूत्राने घेतली, ती या घटनांमुळे.

अखेरचा टप्पा उच्चाटनाचा होता. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये एनपीएपीआय काढून टाकले. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने फ्लॅशचा अपवाद करून तेच केले. ऑक्टोबर २०१४ मध्ये मान्यता पावलेल्या एचटीएमएल ५ मुळे चित्रफितींना प्लगइनची गरज उरली नव्हती. अॅडोबीने जुलै २०१७ मध्ये फ्लॅशच्या समाप्तीची घोषणा केली. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने आशय चालविणे थांबविले.

६. परिणाम व मूल्यमापन

बाधित संगणकाचा उपयोग इतरांवर हल्ला करण्यासाठी होतो. त्यामुळे जुने प्लगइन ठेवणे ही केवळ खासगी बाब उरत नाही आणि बंदीला नैतिक आधार मिळतो. तथापि तिची किंमतही मोजावी लागली. महाराष्ट्रासह भारतात ई-निविदांच्या डिजिटल स्वाक्षरीसाठी जावा ॲपलेट वापरात होते. क्रोमने आधार काढल्यावर अशा कामासाठी जुना ब्राउझर राखून ठेवणे भाग पडले. म्हणजे सुरक्षेसाठी केलेल्या उपायानेच काही वापरकर्त्यांना कमी सुरक्षित साधनाकडे परत नेले. दक्षिण आफ्रिकेच्या महसूल सेवेला तर जानेवारी २०२१ मध्ये फ्लॅशवरील अर्जांसाठी स्वतंत्र ब्राउझर उपलब्ध करून द्यावा लागला.

इतिहासाच्या अभ्यासकाला दुसरी हानी अधिक जाणवते. फ्लॅशमधील खेळ, व्यंगपट आणि शैक्षणिक साहित्य ही त्या काळाच्या लोकसंस्कृतीची साधने आहेत. ग्रंथाला वाळवी लागली तरी उरलेली पाने वाचता येतात. येथे धारिका सुस्थितीत असूनही ती उघडणारे साधन नाहीसे झाले. इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून रफल या आज्ञावलीच्या साहाय्याने काही साहित्य पुन्हा पाहण्याजोगे केले, ही समाधानाची बाब होय.

७. निष्कर्ष

१) धोक्याचे मूळ वापरकर्त्याच्या निष्काळजीपणापेक्षा विभागलेल्या जबाबदारीत होते.
२) सूचना, निर्बंध, संमती व उच्चाटन या क्रमाने निर्णयाचा अधिकार वापरकर्त्याकडून ब्राउझर-निर्मात्याकडे गेला.
३) २०१५ ची बंदी अचानक आली, तर २०२० च्या समाप्तीपूर्वी सुमारे साडेतीन वर्षांची मुदत मिळाली. पूर्वसूचनेमुळे जतनाला अवसर मिळतो, हे दुसऱ्या उदाहरणावरून दिसते.
४) बंदी आवश्यक असली तरी पर्यायी व्यवस्था आणि जतन यांची तरतूद तिच्यासोबतच व्हावयास हवी. अन्यथा आजची सुरक्षा उद्याच्या इतिहासाची साधने हिरावून घेईल.