एकच नंबर, दोन ट्रान्झिस्टर

जुना ॲम्प्लिफायर दुरुस्त करताना आपण जळालेला पॉवर ट्रान्झिस्टर काढतो आणि त्याच नंबरचा नवा बसवतो. नंबर तोच, आकार तोच. तरीही कधी कधी नवा ट्रान्झिस्टर थोड्याच वेळात तापून निकामी होतो. असे का व्हावे? उत्तरासाठी थोडे इतिहासात डोकवावे लागेल. उदाहरण म्हणून आम्ही २एन३०५५ हा प्रसिद्ध ट्रान्झिस्टर घेतला आहे.

१९४७ साली बेल प्रयोगशाळेत तयार झालेला पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा होता. जर्मेनियमला उष्णता फारशी सोसत नाही. सिलिकॉनला ती अधिक सोसते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील आरसीए कंपनीने सिलिकॉनचा २एन३०५५ बाजारात आणला. ६० व्होल्ट, १५ अँपिअर आणि आवरण थंड ठेवल्यास ११५ वॅट ही त्याची क्षमता. हा एनपीएन जातीचा होता. तेवढ्याच ताकदीचे पीएनपी सिलिकॉन ट्रान्झिस्टर तेव्हा दुर्मिळ आणि महाग होते. मात्र दोन्ही बाजूंना एकाच जातीचे पॉवर ट्रान्झिस्टर वापरण्याची युक्ती एच. सी. लिन यांनी १९५६ सालीच मांडली होती. ती आता उपयोगी पडली. १९६७ सालचा ब्रिटनमधील क्वाड ३०३ हा ॲम्प्लिफायर याच तत्त्वावरचा.

आरसीएची पद्धत साधी होती. सिलिकॉनच्या पातळ चकतीच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी अशुद्धी आत मुरवायची. एका बाजूला उत्सर्जक तयार होतो, दुसऱ्या बाजूला संग्राहक आणि मध्ये उरतो तो आधार. हा आधार बराच जाड राही. इलेक्ट्रॉनला आधार ओलांडायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे जाडी दुप्पट, तर वेळ चौपट! त्यामुळे हा ट्रान्झिस्टर मंद होता. सुमारे ८ लाख हर्ट्झला त्याचे विद्युतप्रवाह वाढवण्याचे काम संपे. पण आपल्या कानांना २० हजार हर्ट्झपर्यंतच ऐकू येते, म्हणून हे चालून जाई. शिवाय जाड आधाराचा एक फायदा होता. विद्युतप्रवाह एकाच ठिकाणी गोळा होत नसे.

१९७०च्या दशकाच्या मध्यास पद्धत बदलली. सिलिकॉनच्या स्फटिकावर आधाराचा पातळ थर वाढवला जाऊ लागला. नवा २एन३०५५ निदान २५ लाख हर्ट्झपर्यंत काम करतो. नंबर मात्र बदलला नाही, कारण नंबर काही ठराविक आकड्यांची हमी देतो, बनवण्याच्या पद्धतीची नाही.

जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये याचे दोन परिणाम होतात. शाळेच्या कार्यक्रमात माईक स्पीकरजवळ नेला की शिट्टी वाजते, हे आपल्याला ठाऊक आहे. बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत शिरतो आणि वाढतच जातो. ॲम्प्लिफायरच्या आतही असेच घडू शकते. लाखो हर्ट्झला जुना ट्रान्झिस्टर मान टाकत असे, म्हणून ही शिट्टी सुरूच होत नसे. नवा चपळ ट्रान्झिस्टर ती सुरू करू शकतो. ती कानांना ऐकू येत नाही, पण ट्रान्झिस्टर तापत राहतो.

दुसरा परिणाम जास्त व्होल्टेजला दिसतो. पातळ आधारात एखादा ठिपका किंचित अधिक तापला, की तिथून अधिक प्रवाह वाहतो. त्यामुळे तो आणखी तापतो आणि अखेर वितळतो. जळालेला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर पुष्कळदा स्पीकरही जातो.

म्हणून दुरुस्तीपूर्वी आतला वीजपुरवठा किती व्होल्टचा आहे ते मोजावे. तो जास्त असेल तर एमजे१५००३सारखा (१४० व्होल्ट, २५० वॅट) दणकट ट्रान्झिस्टर निवडावा. मात्र तोही जुन्यापेक्षा चपळ आहे, तेव्हा ऑसिलोस्कोपवर शिट्टीचा शोध घ्यायलाच हवा. अभ्रकाची चकती नीट बसवावी आणि पहिल्यांदा वीज देताना मेन्सच्या वाटेत एक साधा तारेचा बल्ब जोडावा. बल्ब प्रखर पेटून तसाच राहिला, तर कुठेतरी शॉर्ट आहे असे समजावे.

वर्गासाठी एक गणित. नव्या २एन३०५५च्या माहितीपत्रकात ४० व्होल्टला २.८७ अँपिअर ही मर्यादा दिलेली असते. दोहोंचा गुणाकार किती येतो? ४० व्होल्टच्या पुढे मात्र ट्रान्झिस्टरला इतके वॅट सोसत नाहीत. असे का, हे मुलांना तापलेल्या ठिपक्यावरून सांगता येते का पाहा.