बेकायदा लॉटरीचे बक्षीस न्यायालयातून का मिळत नाही?

सोडत निघाली, क्रमांक लागला; पण चालकाने बक्षिसाची रक्कम देण्यास नकार दिला. तिकीट हातात आहे, साक्षीदारही आहेत. तरीही ती लॉटरी बेकायदा असेल, तर दिवाणी न्यायालय विजेत्याचा दावा फेटाळून लावते. पैसे बुडविणाऱ्यालाच यात अभय मिळते, असे वाटणे साहजिक आहे.

या संदर्भात भारतीय करार कायदा, १८७२ मधील दोन कलमे महत्त्वाची आहेत. कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो आणि पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येत नाही. कलम २३ त्याहून कठोर आहे. ज्या कराराचा उद्देशच कायद्याने निषिद्ध आहे, तो करार बेकायदा ठरतो. राज्य सरकारने न काढलेल्या किंवा अधिकृत न केलेल्या लॉटरीसाठी कार्यालय चालविणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २९४-अ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये आहे. त्यामुळे अशी लॉटरी कलम २३ च्या कक्षेतही येते.

निरर्थक आणि बेकायदा हा भेद केवळ शब्दांचा नाही. १९५९ मध्ये घेरुलाल पारख खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो स्पष्ट केला. हापूडच्या व्यापाऱ्यांशी सट्ट्याचे व्यवहार करण्यासाठी दोघांनी भागीदारी केली होती. तोटा झाल्यावर एकाने सर्व रक्कम भरली व दुसऱ्याकडे निम्मा वाटा मागितला. पैज निरर्थक असली तरी बेकायदा नाही, म्हणून तिला पूरक असलेली भागीदारी वैध आहे, असा निर्णय न्या. सुब्बा राव यांनी दिला. मूळ व्यवहारच गुन्हा असता, तर ही भागीदारीही टिकली नसती.

जुन्या मुंबई इलाख्यात मात्र १८६५ च्या स्वतंत्र कायद्याने ही पळवाटही बंद केली. तेथे पैजेला साहाय्य करणारे करारही निरर्थक. दलाली, हमी, त्यापोटी भरलेली रक्कम, कशासाठीच दावा चालत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळातील सर दोराबजी टाटा विरुद्ध लान्स या खटल्यात मुंबई उच्च न्यायालय आणखी पुढे गेले. सरकारी परवानगीमुळे लॉटरीच्या चालकांवरील फौजदारी कारवाई टळते. व्यवहार पैजच राहतो, असे न्यायालयाने ठरविले.

या भूमिकेचे तर्कशास्त्र इंग्लंडचे लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी १७७५ मध्येच मांडले होते. न्यायालय प्रतिवादीवर मेहेरबानी करीत नाही. बेकायदा कृत्यावर आधारलेल्या मागणीला ते आपला हात देत नाही, इतकेच. हुकूमनामा दिला, तर कायद्याने बंद केलेल्या धंद्याची वसुली न्यायालयाच्या बेलिफाकडून होईल. प्रतिवादीचा लाभ होतो तो निव्वळ योगायोगाने.

मग निदान तिकिटाचे पैसे तरी परत मिळावेत? करार कायद्याच्या कलम ६५ मध्ये परताव्याची तरतूद आहे. पण करार बेकायदा असल्याचे दोघांनाही प्रारंभापासून ठाऊक असेल तर ती लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कुजू कोलिअरीज खटल्यात (१९७४) सांगितले. अपवाद थोडे आहेत. दोन्ही पक्ष सारखेच दोषी नसतील, किंवा बेकायदा हेतू अद्याप तडीस गेला नसेल, तर न्यायालय रक्कम परत देववू शकते.

‘क्रमांक लागला की पुढचे हप्ते माफ’ अशा इनामी योजनांत हे सारे प्रत्यक्षात भोवते. १९७८ च्या केंद्रीय कायद्याने त्यांवर बंदी आहे आणि बंदी केवळ चालकावर नाही. सभासद होणे, पैसे भरणे हेही त्यात मोडते. ‘मला काय ठाऊक’ हा बचाव त्यामुळे लंगडा पडतो. बक्षिसापोटी दिलेला धनादेश वटला नाही तरी उपयोग मर्यादितच. धनादेशविषयक कायद्याचे कलम १३८ कायद्याने वसूल होऊ शकणाऱ्या देण्यालाच लागू होते आणि हे देणे तसे नव्हते, हे आरोपी दाखवून देऊ शकतो. सोडत मुळात निघालीच नाही, तिकिटे बनावट होती, असे असेल तर फसवणुकीची फिर्याद पोलिसांत देता येते. दिवाणी दावा फेटाळला गेला म्हणून तो मार्ग बंद होत नाही.