बेथेल कोणाचं? जालन्याजवळच्या एका गावातून संशोधनाचा प्रश्न कसा निघतो

'जालना सोन्याचा पाळणा' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. आज जालना म्हटलं की सळई आणि बियाणं आठवतं. पण 1870 च्या दशकात न्यूयॉर्क आणि स्कॉटलंडमधल्या काही चर्चमधल्या लोकांना जालना माहीत होतं ते वेगळ्याच कारणाने. शहरापासून थोड्या अंतरावर 'बेथेल' नावाचं एक ख्रिस्ती गाव वसत होतं, आणि ते वसवणारा माणूस पागोटं घालून त्यांच्यासमोर इंग्रजीत बोलून गेला होता. त्याचं नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री.

पीएचडीच्या तयारीत असलेले बरेच जण विचारतात, "मराठवाड्यातल्या ख्रिस्ती समाजावर काम करायचंय, विषय कसा घेऊ?" बहुतेकांच्या मनात शीर्षक आधीच तयार असतं: 'अमुक जिल्ह्यातील मिशनरी कार्याचा ऐतिहासिक अभ्यास'. हे शीर्षक वाईट नाही, फक्त त्यात प्रश्नच नाही. बेथेल घेऊन बघू प्रश्न कुठे सापडतो.

आधी माणूस. नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले, मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. जॉन विल्सन आणि रॉबर्ट नेस्बिट या मंडळींच्या सहवासात ते वाढले. 1843 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा साधारण बारा वर्षांचा, तोही मिशनरींकडे राहायला गेला. वडील कोर्टात गेले आणि मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने मुलाला वडिलांच्या ताब्यात दिलं. पण खरा वाद पुढे पेटला: मिशनरींच्या घरी जेवलेल्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यायचं की नाही? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर घ्यावं म्हणून उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. मराठी प्रबोधनाच्या इतिहासात श्रीपतचं प्रकरण हमखास येतं. नारायणचं नाव मात्र तिथे 'श्रीपतचा भाऊ' एवढ्यापुरतंच येतं आणि संपतं. जो परत आला त्याची नोंद झाली, जो गेला तो मराठी इतिहासलेखनातूनही जवळजवळ गेलाच. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नारायण शेषाद्रींना 1854 साली पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि 1863 च्या सुमारास ते जालन्यात आले. जालनाच का? एक कारण साधं आहे, तिथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पण छावणीबाहेरचा सगळा मुलूख निजामाचा. ही बाब आपण फार सहज ओलांडून जातो. ब्रिटिश हद्दीत 1850 च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर केलेल्या माणसाचा वारसाहक्क राखला होता. निजामाच्या मुलखात तो कायदा आपोआप लागू होत नव्हता. म्हणजे नगर जिल्ह्यातला नवख्रिस्ती आणि जालना भागातला नवख्रिस्ती, दोघांची बोली एक आणि जात एक असली तरी कायद्यासमोर त्यांची स्थिती एक नव्हती. 'महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्मप्रसार' असं सरसकट लिहिलं की ही सीमारेषा पुसली जाते.

शेषाद्रींच्या हाकेला ओ दिली ती मुख्यतः मांग समाजाने. (आज आपण मातंग म्हणतो, जुन्या कागदांत 'मांग' आहे, शोध घेताना तोच शब्द वापरावा लागतो.) गावगाड्यात या समाजाकडे दोर वळणं, हलगी-सनई वाजवणं, राखण अशी कामं होती आणि त्याबदल्यात बलुतं. आता विचार करा, असा माणूस ख्रिस्ती झाला आणि देवाच्या जत्रेत वाजवायला नाही म्हणाला, तर काय होईल? बलुतं बंद, आणि राहायला गावकुसाबाहेरची तीच जागा. म्हणून श्रद्धेचा प्रश्न लगेच जमिनीचा होतो. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांच्या सरकारकडून शेषाद्रींनी जमीन मिळवली आणि तिच्यावर बेथेल उभं राहिलं. 'बेथेल' म्हणजे हिब्रूत 'देवाचं घर'. उत्पत्तीच्या पुस्तकात घर सोडून निघालेला याकोब उशाला धोंडा घेऊन झोपतो, त्या जागेचं हे नाव. गावकुसाबाहेरच्या माणसांच्या वस्तीला हे नाव देणाऱ्याला बायबल नीट कळलं होतं, असं मला वाटतं.

तर आता बघा: एक मुसलमान दिवाण, एक ब्राह्मण ख्रिस्ती पाळक, मांग शेतकरी, पैसा स्कॉटलंड-अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळींचा. यातलं एकही पात्र 'गोऱ्या मिशनऱ्यांनी बाटवलं' या गोष्टीत बसत नाही. आणि 'मिशनऱ्यांनी उद्धार केला' या दुसऱ्या गोष्टीतही धड बसत नाही, कारण गावाचा कारभार, जमीन, शाळा हे सगळं पुन्हा एका ब्राह्मण घरातून आलेल्या पुढाऱ्याभोवतीच फिरत होतं. सत्तेचं नातं तुटलं की नव्या रूपात आलं? हा खरा संशोधनप्रश्न आहे. उत्तर मी देणार नाही, कारण ते कागद वाचल्याशिवाय देता येत नाही.

एक नेहमीचा आक्षेप आहे, 'दुष्काळात धान्यासाठी बाटले'. तो चिडून उडवून लावू नका, तारखांवर घासून बघा. जालन्यातलं काम 1863 चं. ऑक्टोबर 1873 मध्ये शेषाद्री न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत होते. दख्खनचा मोठा दुष्काळ 1876 ते 78 चा, आणि छपन्नचा त्याहून वीस वर्षांनी पुढे. म्हणजे चळवळीची सुरुवात या दुष्काळांनी समजावता येत नाही. पुढची वाढ कदाचित येईल, ती वेगळी तपासा. पोटाची गरज आणि मनाची ओढ एका माणसात एकत्र असू शकतात, हेही विसरू नका. आपण स्वतः नोकरी, लग्न, शहर एकाच कारणासाठी निवडतो का?

आता साधनं. गोची इथेच आहे. स्कॉटिश मिशनची कागदपत्रं एडिंबरात, स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीत. निजाम सरकारचं दफ्तर हैदराबादेत, फारसी-उर्दूत. मराठी बाजूला 1842 पासूनचं 'ज्ञानोदय'. जॉर्ज स्मिथने लिहिलेलं जॉन विल्सनचं चरित्र 1878 चं आहे, ते वाचा, पण ते देणगीदारांच्या काळातलं आणि त्यांच्या आवडीचं लेखन आहे हे ध्यानात ठेवून. मिशनच्या अहवालात बाप्तिस्म्यांचे आकडे असतात, शाळेतली मुलं मोजलेली असतात. ज्या बाईने हलगीचं बलुतं गेल्यावर घर चालवलं, ती त्यात नसते. तिच्यापर्यंत जायचं तर जमिनीचे, भांडणाचे, अर्जांचे कागद शोधावे लागतील, आणि घराघरांत जाऊन बसावं लागेल. मोडी, उर्दू आणि इंग्रजी यांतली निदान दोन तरी यायला हवीत. मला उर्दू शिकायला दीड वर्ष लागलं आणि अजूनही शिकस्ता लिपी दिसली की घाम फुटतो.

नारायण वामन टिळक सगळ्यांना माहीत आहेत आणि नारायण शेषाद्री कोणाला नाहीत, असं का? टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, शेषाद्रींच्या अर्ध्या शतकानंतरचा. पण टिळकांनी कविता आणि भजनं दिली, लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' दिलं. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (1857) तर मराठीतल्या पहिल्या कादंबऱ्यांत गणली जाते. मराठी वाचकाने ख्रिस्ती माणसाला वाङ्मयाच्या दारातून आत घेतलं. शेषाद्रींनी मराठी वाङ्मयात असं काही मागे ठेवलं नाही, त्यांनी गाव ठेवलं. 1891 साली ते वारले. गाव वाचायची सवय आपल्या मराठी विभागांना नाही, आणि इतिहास विभागांना चर्च हा विषय 'धार्मिक' वाटतो.

आणि हे सगळं जुनं झालेलं नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान नाहीत. 2022 मध्ये केंद्राने या प्रश्नावर न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. त्यामुळे मुलाखतीला गेलात की समोरची व्यक्ती 'धर्म कोणता' या प्रश्नावर क्षणभर थांबेल. दाखल्यावर एक, घरात दुसरं, असंही असू शकेल. ते तुमच्या प्रबंधात नावानिशी आलं तर कोणाच्या तरी नोकरीवर किंवा शिष्यवृत्तीवर बेतेल. मी मुलाखतीच्या वहीत नावं लिहीतच नाही, आकडे लिहिते. आकड्यांची यादी वेगळी, आणि ती वही जालन्याच्या बसमध्ये कधीच सोबत नसते.