ठराव होता, पाणी नव्हते! आराखडा आहे, हवा कुठे आहे?

पर्यावरण हा आपला विषय नाही, असे चळवळीतले अनेक तरुण म्हणतात. अत्याचाराची प्रकरणे, शिष्यवृत्ती, गायरान जमिनी, कंत्राटी नोकऱ्या... एवढे लढे समोर असताना कार्बनचा हिशोब कोण करत बसणार? त्यांचा त्रागा आम्हाला कळतो. पण हा हिशोब आज आपल्याला न विचारता मांडला जात आहे आणि शहराचा पैसा उद्या कोणत्या वस्तीकडे वळणार हे त्यावरून ठरणार आहे. म्हणून पनवेलच्या आंबेडकरी तरुणांपुढे आम्ही थोडा इतिहास ठेवतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे चोख होते. तळ्याचे पाणी मात्र आपल्या माणसांच्या ओंजळीत आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर चालत गेले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. आणि तो जिवंत झाल्याबरोबर, ४ ऑगस्ट १९२७ ला, नगरपालिकेने तो मागे घेतला! पुढे १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाने निकाल दिला तेव्हा कुठे तळ्याचा कायदेशीर वाद मिटला. बोले ठरावापासून मोजले तर जवळपास चौदा वर्षे.

पनवेल आणि महाड तेव्हा एकाच कुलाबा जिल्ह्यात होते. आजही एकाच रायगडात आहेत. हा धडा आपल्या घरचा आहे. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांच्यामध्ये संघटित माणसे लागतात.

आता आजचा कागद पाहू. शहरांनी जागतिक संस्थांचा हात धरून हरितगृह वायू कमी करायचे, ही पद्धत १९९० च्या दशकात सुरू झाली. २००५ मध्ये लंडनच्या महापौरांच्या पुढाकाराने मोठ्या शहरांची जी आघाडी उभी राहिली, ती आज सी-४० म्हणून ओळखली जाते. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई तिच्यात सामील झाली. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट इंडिया या ना-नफा संस्थेच्या तांत्रिक मदतीने मुंबई महापालिकेने वातावरण कृती आराखडा तयार केला आणि १३ मार्च २०२२ ला तो जाहीर झाला. २०१९ साली मुंबईचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन. त्यातले ७२ टक्के ऊर्जेतून, २० टक्के वाहतुकीतून, ८ टक्के कचऱ्यातून. ते २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी कमी करायचे आणि २०५० ला निव्वळ शून्यावर आणायचे, असे उद्दिष्ट आहे.

आम्ही हे काम फालतू म्हणत नाही. आकडे हवेतच. पण तारखा पुन्हा वाचा. मुंबईच्या लोकनियुक्त महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि सहा दिवसांनी आराखडा जाहीर झाला. त्यानंतर जवळपास चार वर्षे मुंबईत नगरसेवकच नव्हते. पनवेलमध्येही २०२२ पासून प्रशासकाचे राज्य होते. अंमलबजावणीची ही वर्षे प्रशासक आणि तज्ज्ञ यांच्यात गेली. वस्तीतल्या बाईने जाब कोणाला विचारायचा होता?

दुसरा प्रश्न मोजमापाचा. शहराचे उत्सर्जन मोजण्याचे जागतिक नियम २०१४ मध्ये तयार झाले. त्यातल्या प्राथमिक पातळीवर इंधन आणि वीज, शहरातली वाहतूक आणि कचरा एवढेच धरतात. कारखान्यातल्या रासायनिक प्रक्रियेतून थेट निघणारे वायू आणि शहरातून बाहेर उडणारी विमाने वरच्या पातळीवर मोजली जातात. आता पनवेलकडे पाहा. अंगाला लागून तळोजा औद्योगिक वसाहत, जिथे ऑगस्ट २०१७ मध्ये कुत्री निळी झाली म्हणून देशभर बातम्या आल्या. तालुक्यात नवी मुंबई विमानतळ, जिथून डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली आणि ज्याच्यासाठी गावेच्या गावे उठवली गेली. म्हणजे पनवेलचा हिशोब प्राथमिक पातळीवर थांबला, तर रासायनिक वायू आणि विमानांचा धूर दोन्ही वहीबाहेर! पकडला जाईल कोण? रिक्षावाला आणि चूल पेटवणारी बाई.

तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा. एक टन कार्बन कुठूनही निघाला तरी टनच असतो. टनाला पत्ता नसतो. पण त्याच चिमणीतून निघणाऱ्या काजळीला पत्ता असतो. मुंबईत माहुलच्या हवेने लोकांच्या आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच नोंदवले होते. तरीही तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून ती कुटुंबे माहुललाच पाठवली गेली. २०१९ मध्ये हायकोर्टाला सांगावे लागले की त्यांना दुसरीकडे घर द्या किंवा भाडे द्या. शहराचा टनांचा आकडा कमी होईलही, पण माहुलचा माणूस त्या आकड्यात दिसत नाही.

मग करार नकोत का? हवेत. पण कोणाशी आणि कोणाच्या अटींवर? पुण्याकडे पाहा. १९९३ मध्ये तिथल्या कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही युनियन उभी केली. त्यात बहुसंख्य दलित स्त्रिया. त्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला. ओला कचरा डेपोवर सडला की मिथेन निघतो; प्लास्टिक, कागद, पत्रा पुन्हा वापरात गेला की कारखान्याची ऊर्जा वाचते. हवामान बदल हा शब्द सरकारी फायलीत येण्याआधीपासून आपल्या आयाबहिणी हे काम करत आल्या आहेत. फरक इतकाच की पुण्यात त्या करारावर सही करणाऱ्या झाल्या. १९३५ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला, तोही याचसाठी. घाण उपसणाऱ्याने दयेची वाट पाहू नये, वाटाघाटीला बसावे.

जानेवारी २०२६ मध्ये पनवेल महापालिकेची निवडणूक झाली. आता जाब विचारायला माणसे आहेत. आमच्या मागण्या सरळ आहेत :

१. हवामानाविषयी कोणत्याही संस्थेशी होणारा करार मराठीत आधी जाहीर करा, मग महासभेत चर्चा करा.

२. तळोज्याचे रासायनिक वायू आणि विमानतळाची उड्डाणे हिशोबात धरा. शहराच्या आकड्यासोबत प्रत्येक वस्तीची हवा मोजून तिथल्याच फलकावर लावा.

३. सफाई कामगार, कचरावेचक, आदिवासी पाडे आणि प्रकल्पग्रस्त यांचे प्रतिनिधी समितीत मताच्या अधिकारासह घ्या.

४. कचऱ्याचे काम ठेकेदाराला देण्याआधी ते करणाऱ्यांच्या सहकारी संस्थेला विचारा.

तरुणांनो, माहितीचा अर्ज टाका, महासभेच्या प्रेक्षक गॅलरीत बसा, आपल्या नगरसेवकाला या चार मागण्या लेखी द्या. १९२४ चा ठराव तीन वर्षे नगरपालिकेच्या दप्तरात पडून होता. त्याला तळ्यापर्यंत घेऊन जाणारी माणसे पायी चालत आली होती. आराखड्यालाही वस्तीपर्यंत चालवत न्यावे लागेल, आणि ते काम आपल्याशिवाय कोणी करणार नाही.

जय भीम! जय संविधान!