आजोबांचा हरवलेला एक तास

परवा एक प्रोग्राम टेस्ट करताना आजोबांची जन्मतारीख टाकली, १ जुलै १९४३. रिपोर्टमध्ये आली ३० जून १९४३, रात्रीचे ११! माझी मात्र बरोबर आली. आता बोला!

रविवार खणण्यात गेला. जावातली जुनी 'डेट' ही नुसती तारीख नसते, तो एक क्षण असतो. आमच्या प्रोग्रामनं १ जुलैच्या मध्यरात्रीचा क्षण ग्रिनिचच्या वेळेत बदलून डेटाबेसात ठेवला. रिपोर्टनं वाचताना त्यात सरळ साडेपाच तास मिळवले. बरोबरच ना? नाही!

दुसऱ्या महायुद्धात वीज वाचावी म्हणून १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतातली घड्याळं एक तास पुढे होती, म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. जगभरचे कॉम्प्युटर जी टाइमझोनची नोंदवही वापरतात, तिच्यात हे 'एशिया/कोलकाता' या नावाखाली लिहिलेलं आहे. जावाला ते ठाऊक होतं, रिपोर्ट लिहिणाऱ्याला (म्हणजे मलाच!) नव्हतं.

गंमत म्हणजे ती नोंदवहीही अपुरीच. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला आली, पण मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. अख्ख्या भारताला एकच नाव, त्यात मुंबई कुठून येणार? आणि आमचं चांदूर बाजार? इथं सूर्य सरासरी १२ वाजून १९ मिनिटांनी डोक्यावर येतो. युद्धाच्या घड्याळात तेव्हा सव्वा वाजून गेलेला असणार.

उपाय सोपा निघाला. जन्मतारीख हा क्षण नाहीच. डेटाबेसात नुसती 'डेट' ठेवायची, कोडमध्ये २०१४ च्या जावा ८ पासून आलेली 'लोकलडेट' वापरायची. टाइमझोन मध्ये आणायचाच नाही. हसण्यावारी नेऊ नका, दाखल्यावरची आणि कॉम्प्युटरमधली तारीख जुळली नाही तर म्हातारा माणूस खिडक्या-खिडक्यांवर हिंडतो.

आजोबांना फोनवर सगळं सांगितलं. ते हसले. "बापू, माही तारीख त मास्तरनंच लेहली. शाळेत आलेल्या साऱ्याइले एक जुलै!"

असो. मास्तरांनी लिहिली ती लिहिली. निदान मी तरी ती बदलायला नको.