किरकोळ जखमांचा मंत्र

कामगार संघटनेत उभा जन्म घालवलेल्या माणसाने व्यासपीठावर आल्यावर बोनस आणि महागाईभत्ता याविषयी बोलावे, अशी रीत आहे. आज मी एका खेळाचा इतिहास सांगणार आहे. माझ्या भाचीच्या घरी दर रविवारी पाचसहा मुलेमुली टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होऊन भुयारांचे व राक्षसांचे वर्णन करतो, बाकीचे कोणी योद्धा, कोणी जादूगार होतात, आणि संकटाचा निकाल फाशांवर लागतो. खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. भाची 'क्लेरिक' होते, म्हणजे देवाच्या नावाने जखमा बऱ्या करणारी पुजारीण. एके दिवशी ती म्हणाली, "मामा, चार तास बसले, पण माझी पाळी आली की मी दुसऱ्यांनाच उठवायचे. मी खेळले कधी?" हे गाऱ्हाणे मला फार ओळखीचे वाटले. तेव्हा त्या खेळाची नियमपुस्तके मागून घेतली आणि जुन्या कराराची कलमे वाचावीत तशी वाचली.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. प्रत्येक पात्राला काही अंक दिलेले असतात. वार बसला की ते घटतात. आपण त्यांना प्राणांक म्हणू. क्लेरिक मुळात वैद्य म्हणून आला नव्हता. अर्नेसन यांच्या खेळात एकाचे पात्र रक्तपिपासू पिशाच होऊन अनावर झाले, त्याला आवरण्यासाठी तो निघाला; मलमपट्टीही त्याच्याच गळ्यात पडली.

त्या पहिल्या पुस्तकातला किरकोळ जखमांचा मंत्र दोन ते सात प्राणांक परत देई. तलवारीचा वार एक ते सहा घेई. म्हणजे एक मंत्र एका वाराहून सरासरीने थोडा जड. मग सगळे अमर का झाले नाहीत? कारण त्या मंत्राची किंमत वेळेत मोजलेली होती. पहिल्या पायरीच्या क्लेरिकला मंत्रच नसे. दुसऱ्या पायरीवर दिवसाला एक मिळे, आणि तो म्हणायला खेळातली दहा मिनिटे लागत. लढाईत त्याचा उपयोग शून्य. १९७८च्या पुस्तकाने शहाण्या क्लेरिकला जादा मंत्र दिले. तरी १९७९च्या सूत्रधाराच्या पुस्तकात नुसत्या विश्रांतीने दिवसाला एकच प्राणांक भरून येई. जखमी माणसाला घरी पडून राहावे लागे. रजेचा हिशोब आम्हांला ठाऊक आहे!

खरी उलथापालथ २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत झाली. तिथे याच मंत्राने भारलेली छडी साडेसातशे मोहरांना मिळू लागली. छडी पन्नास वेळा चाले, म्हणजे दर मलमपट्टीला पंधरा मोहरा. तेवढाच गुण देणाऱ्या काढ्याच्या एका बाटलीला पन्नास पडत. एका छडीत सरासरी पावणेतीनशे प्राणांक! प्रत्येक लढाईनंतर सारी टोळी ठणठणीत होई. मग छोट्या झटापटीला अर्थ उरेना, आणि सूत्रधाराला एका फटक्यात माणूस लोळवणारे राक्षस आणावे लागत. एका कारखान्यात प्रेसयंत्राला जाळी बसवा म्हणून आम्ही भांडत होतो, तेव्हा साहेबाने अभिमानाने नवी प्रथमोपचार पेटी दाखवली होती. पेटी चांगली होती. जाळी मात्र दोन बोटे गेल्यावर बसली.

'पाथफाइंडर' या भावंड-खेळाने २००९ साली सर्वांत खालचे मंत्र हवे तितक्या वेळा म्हणायची मुभा दिली. पण त्याच वेळी एक प्राणांक देणारा मंत्र काढून, मरणाऱ्याचे मरण फक्त थोपवणारा ठेवला. फुकट आणि अमर्याद या दोन गोष्टी एकत्र आल्या की एकाचेही शंभर होतात, हे त्यांनी ओळखले.

२००८च्या चौथ्या आवृत्तीने मोठी युक्ती केली. सोसण्याचा साठा जखमीच्याच अंगात ठेवला. क्लेरिकने फक्त तो मोकळा करायचा, आणि तेही आपला वार न गमावता. साठा संपला की बहुतेक मंत्र थकले. शिवाय नुसत्या शब्दांनी धीर देऊन माणूस उठवणारा सेनानायक आणला. पुष्कळांना ते हास्यास्पद वाटले. मला वाटले नाही. संपाच्या चाळिसाव्या दिवशी मी ते पाहिले आहे.

२०१४ची पाचवी आवृत्ती भाचीच्या टेबलावर आहे. हात लावून म्हणायच्या मंत्रासाठी क्लेरिकची मुख्य कृती खर्च होते. दुसरा एक शब्दमंत्र साठ फुटांवरून, जाता जाता म्हणता येतो. त्याचे प्राणांक थोडे. पण शून्यावर पडलेला गडी एका प्राणांकाने उठला तरी पूर्ण बळाने लढतो. मग हुशार टोळी काय करते? कण्हणाऱ्याकडे पाहत नाही. तो पडेपर्यंत थांबते. पडल्यावर जेवढे जास्त लागलेले असते ते फुकटात माफ होते! २०२४च्या सुधारित पुस्तकाने दोन्ही मंत्रांचे फासे दुप्पट केले, म्हणजे मजुरी वाढली. पडेपर्यंत थांबण्याचा फायदा पुरता गेला नाही.

भाचीच्या टोळीने मग घरचा नियम केला. शून्यावरून उठणाऱ्याला थकव्याची एक पायरी चढते. त्या पुस्तकात अशा सहा पायऱ्या आहेत आणि सहावी मरणाची. पहिल्या रविवारी तलवारबहाद्दर फार कुरकुरला. दुसऱ्या रविवारी तो निम्म्यावर येताच ढालीमागे सरला, स्वतःच्या पैशाने आणलेली काढ्याची बाटली प्याला, आणि भाचीला म्हणाला, "तू मार गं, मी दार धरतो." तिने गदा फिरवली, फासा टाकला आणि वार चुकला.